साहेब, शेरा आणि समाज: सरकारी कामाचं मूल्यमापन असं का होतं?

दर वर्षी ३१ मार्च उलटला की सरकारी कार्यालयांत गोपनीय अहवालांची लगबग सुरू होते. कागदोपत्री त्याचं नाव आता ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ झालं आहे, पण बोलताना सगळे ‘सीआर’च (कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट) म्हणतात. कर्मचारी वर्षभरात काय केलं ते आधी स्वतः लिहितो. मग त्याचा थेट वरिष्ठ, म्हणजे प्रतिवेदन अधिकारी, त्यावर शेरा आणि प्रतवारी देतो. त्याच्याही वरचा पुनर्विलोकन अधिकारी ती प्रतवारी कायम करतो किंवा बदलतो. प्रतवारीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, साधारण आणि त्याखालची. पदोन्नती, आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरचा पगार देणाऱ्या योजनेचा) लाभ, पन्नाशी-पंचावन्नाव्या वर्षी सेवेत ठेवायचं की नाही याचा आढावा, हे सगळं या चार-सहा पानांवर अवलंबून असतं.

पण कुठल्याही कार्यालयात चौकशी करा, ‘साधारण’ शेरा मिळालेला माणूस शोधून सापडणार नाही. आणि त्याच कार्यालयाच्या खिडकीवर जमिनीच्या फेरफाराच्या नोंदीसाठी चौथ्यांदा आलेला शेतकरी उभा असतो. कागदावर सगळेच उत्कृष्ट आणि खिडकीवर ही रांग, हे दोन्ही एकाच वेळी कसं शक्य होतं?

याचं सोपं उत्तर ‘आपली माणसंच तशी’ असं दिलं जातं. मला ते पटत नाही. समाजाच्या सवयींचा या कागदावर खोल परिणाम होतो हे खरं, पण तो कुठल्या वाटेने होतो ते पाहिलं तर काय बदलता येईल हेही दिसू लागतं.

संस्कृती मोजायची कशी?

गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या. कंपनी एक, काम साधारण सारखं, देश मात्र वेगळे. तेव्हा उत्तरांत जो फरक पडतो तो समाजाचा, असं त्याने मांडलं. त्याने काढलेल्या निकषांपैकी आपल्या विषयाला सर्वांत जवळचा आहे ‘सत्तेचं अंतर’. वरचा आणि खालचा यांच्यातली दरी लोक किती स्वाभाविक मानतात, याचा हा अंदाज. त्याच्या मोजणीत भारताचा आकडा ७७ आहे, अमेरिकेचा ४०, ब्रिटनचा ३५ आणि डेन्मार्कचा अवघा १८. दुसरा निकष व्यक्तिवादाचा. त्यात अमेरिका ९१ वर, तर भारत ४८ वर.

हे आकडे जपून वापरायला हवेत. एका परदेशी कंपनीत नोकरीला लागलेले भारतीय म्हणजे भारत नव्हे, आणि वरळी व भामरागड यांना मिळून एकच आकडा देणं तर धाडसाचंच. शिवाय ही सरासरी आहे. समोर बसलेला माणूस कसा वागेल हे ती सांगत नाही.

नंतर रॉबर्ट हाउस यांच्या पुढाकाराने ‘ग्लोब’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ६२ समाजांतल्या सुमारे १७ हजार व्यवस्थापकांना त्यात दोन प्रश्न वेगवेगळे विचारले होते: तुमच्याकडे कसं आहे आणि कसं असायला हवं? बहुतेक सगळीकडच्या लोकांनी सांगितलं की सत्तेचं अंतर आहे त्यापेक्षा बरंच कमी असायला हवं. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. साहेबासमोर उभं राहणारा कारकून उभं राहणं आवडतं म्हणून उभा राहत नाही. न उभं राहिल्याची किंमत त्याला माहीत असते.

रकाना रिकामा ठेवता येत नाही

अहवालाचा पहिला भाग कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा. ही कल्पना जिथून आली तिथे आपण काय मिळवलं हे ठासून सांगणं चांगलं मानतात. आपल्याकडे लहानपणापासून शिकवण असते की आपली पाठ आपण थोपटू नये, काम बोललं पाहिजे. मग त्या रकान्यात येतं काय? ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली सोपवलेली सर्व कामे विहित मुदतीत पूर्ण केली.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो अहवालांत दर वर्षी असतं. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, सही करायची. त्यात श्रेय आधीच वरिष्ठांना देऊन टाकलेलं असतं आणि स्वतःबद्दल तपासता येईल असं एकही विधान नसतं. ज्या अव्वल कारकुनाने रात्री आठपर्यंत बसून अतिवृष्टीचे पंचनामे मार्गी लावले त्याचंही वाक्य हेच, आणि ज्याने ते दाबून ठेवले त्याचंही हेच.

दुसरा भाग वरिष्ठाचा. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हाताखालचा माणूस त्याला ‘साहेब’ म्हणतो, तोही त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला साहेब जाऊन आलेले असतात, त्याच्या वडिलांच्या आजारपणात रजा मंजूर केलेली असते. अशा माणसाला ‘साधारण’ लिहिणं म्हणजे कामाबद्दल मत देणं राहत नाही, नातं तोडल्यासारखं होतं. प्रतिकूल शेरा लिहिला की तो कळवावा लागतो, त्यावर अभिवेदन, म्हणजे कर्मचाऱ्याचं लेखी म्हणणं, येतं, पुरावे मागितले जातात, संघटना मध्ये पडते. साहेबांची बदली तीनेक वर्षांत होणारच असते. जाताना वैर कशाला ठेवायचं, असा विचार कोणीही करेल.

इथे एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. आपल्या समाजात शेरा कधीच निव्वळ शेरा म्हणून वाचला जात नाही. लिहिणारा कुठल्या जातीचा आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो कुठल्या, हे सगळं कार्यालय लगेच जोडून पाहतं. ही शंका नेहमीच निराधार असते असंही नाही. पूर्वग्रहातून लिहिलेल्या दोन ओळींनी माणसाची पदोन्नती वर्षानुवर्षं अडवता येते. म्हणून ‘अधिकाऱ्यांना मोकळेपणाने लिहू द्या, मग सगळं सुधारेल’ हा सल्ला मला धोकादायक वाटतो. जिथे दरी मोठी आहे तिथे वरच्याचा मोकळेपणा खालच्याला महागात पडू शकतो.

देव दत्त यांचा ‘चांगला’

हेच एका खटल्यातून फार स्पष्ट दिसलं. देव दत्त हे सीमा रस्ते विभागात कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी लागोपाठच्या पाच वर्षांचे अहवाल किमान ‘अतिशय चांगला’ (केंद्राच्या प्रतवारीत ‘चांगला’च्या वरचा दर्जा) असायला हवेत, असा दंडक होता. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ अशी नोंद झाली आणि पदोन्नती हुकली. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नाही, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. नियम फक्त प्रतिकूल नोंदी कळवण्याचा होता.

मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्या नोंदीमुळे माणसाची संधी जाते ती नोंद, नाव काहीही असो, त्याच्यासाठी प्रतिकूलच आहे. तेव्हा प्रत्येक नोंद, अगदी ‘अतिशय चांगला’सुद्धा, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. २००९ मध्ये केंद्राने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. ‘गोपनीय’ हा इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला शब्दच त्यातून गळाला.

निकाल न्याय्यच होता. गुपचूप लिहिलेल्या शब्दाने कोणाचं करिअर संपू नये. पण जिथे तोंडावर उणीव सांगायची सवय नाही, तिथे आता प्रत्येक शब्द तोंडावरच जाणार हे कळल्यावर प्रतवारी वर सरकणं ओघाने आलं. त्यात २०१६ मध्ये, सातव्या वेतन आयोगानंतर, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आश्वासित प्रगती लाभासाठीचा किमान दर्जा ‘चांगला’वरून ‘अतिशय चांगला’ करण्यात आला. हेतू गुणवत्ता वाढवण्याचा होता. पण ‘चांगला’ लिहिलं की एखाद्याच्या घरातली पगारवाढ अडते, हे ठाऊक असताना कोण ‘चांगला’ लिहील? पट्टी उंच केली की माणसं उंच होत नाहीत, मोजणाऱ्याचा हात वर जातो.

हे फक्त आपल्याकडेच होतं का? अजिबात नाही. व्यक्तिवादात ९१ गुण मिळवणाऱ्या अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे ९९ टक्के संघराज्य कर्मचाऱ्यांना ‘पूर्णतः समाधानकारक’ किंवा त्याहून वरचा दर्जा मिळाला होता, असं तिथल्याच सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिलं. तिथे आड येते ती कार्यवाहीची कटकट: कमी दर्जा द्यायचा तर महिनोन्‌महिने कागदपत्रं, अपिलं, वकील. आपल्याकडे या कटकटीत नात्याची भर पडते. निकाल सारखा दिसला तरी औषध वेगळं लागतं ते यामुळेच. जर्मनीने संघराज्य सेवेत सरळ मर्यादाच घातली आहे: सर्वोच्च दर्जा साधारण १० टक्क्यांना, त्याखालचा २० टक्क्यांना, थोडी लवचीकता ठेवून. नियम पाळण्याला जिथे मान आहे तिथे हे चालतं. आपल्याकडे हीच मर्यादा आणली तर ते १० टक्के कोण, हे ठरवताना कामापेक्षा जवळीक पाहिली जाईल अशी मला रास्त भीती वाटते.

वरून आलेलं उद्दिष्ट

शेऱ्यापेक्षा जास्त नुकसान उद्दिष्टांनी केलं आहे. सत्तेचं अंतर मोठं असलं की आकडा वरून येतो आणि ‘हे होणार नाही साहेब’ असं बैठकीत कोणी म्हणत नाही. मान डोलावून सगळे परततात आणि आकडा खाली सरकत राहतो: जिल्हा, तालुका, मंडळ, गाव.

त्याचं सर्वांत भीषण उदाहरण आणीबाणीचं आहे. १९७६-७७ मध्ये देशभरात सुमारे ४३ लाख नसबंदी शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट होतं. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीनुसार झाल्या ८१ लाखांहून जास्त. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना माणशी कोटा दिला गेला, पगार रोखले गेले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट काम! कागदावर याहून उत्तम कामगिरी कुठली? प्रत्यक्षात वयस्कर, अविवाहित, कशाला सही करतोय हे न कळलेली माणसं टेबलावर घातली गेली. कुटुंबनियोजनातून उद्दिष्टं अधिकृतपणे काढून टाकायला १९९६ उजाडलं.

ब्रिटनमध्येही उद्दिष्टांनी गोंधळ घातला, पण तो वेगळ्या तऱ्हेने बाहेर आला. डॉक्टरांकडे ४८ तासांत वेळ मिळालीच पाहिजे, असं उद्दिष्ट सरकारने ठेवलं होतं. मग बऱ्याच दवाखान्यांनी ४८ तासांपलीकडची वेळ देणंच बंद केलं. पुढच्या आठवड्यातली वेळ मागितली तर मिळेना, कारण ती दिली तर आकडा बिघडणार. २००५ च्या निवडणुकीत एका महिलेने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात हे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना थेट ऐकवलं, आणि ब्लेअर यांना याची कल्पनाच नव्हती हे सगळ्या देशाने पाहिलं. आकड्यांशी खेळ तिथेही झाला. मात्र सामान्य बाईने पंतप्रधानाला तोंडावर विचारलं आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसला नाही. सत्तेचं अंतर कमी असण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो: खोटा आकडा फार काळ टिकत नाही.

माणसाला नको, टेबलाला विचारा

मग आपल्याकडे काही चालतच नाही का? चालतं, आणि ते बाहेरून आणलेलं नाही. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात जे रुजलं त्याकडे नीट पाहायला हवं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिल लखिना अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची बसण्याची रचना, अभिलेख लावण्याची पद्धत आणि नागरिकांची ये-जा बदलून टाकली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गेला. सहा गठ्ठे पद्धतही कर्मचाऱ्यांच्या हाताला बसलेली आहे. प्रत्येकाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: कार्यवाही बाकी असलेली प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेतली, नियतकालिकं (ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. जोडीला कार्यविवरण नोंदवही: किती आले, किती गेले, किती उरले.

पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी २०१७ च्या सुमारास याच पायावर ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम उभी केली. आधी अभिलेख लावून घ्यायचे, मग थकीत प्रकरणं मोजायची, ती संपवायची आणि त्यानंतर रोजचं काम रोज उरकायचं.

हे का चालतं? दप्तर तपासणीला आलेला अधिकारी ‘तू कसा आहेस’ असं विचारत नाही, ‘पहिल्या गठ्ठ्यात किती आहेत’ असं विचारतो. प्रश्न टेबलाला आहे, माणसाला नाही. शेजारच्याच्या देखत विचारला तरी अपमान होत नाही. उत्तर समोर दिसतं, त्यात जात-पात, नातं, जवळीक घुसायला जागा कमी. शिवाय सगळं कार्यालय मिळून थकबाकी संपवतं, श्रेय एकट्याचं राहत नाही. आपली पाठ थोपटायची वेळच येत नाही. आपल्या समाजाच्या सवयींशी भांडण न करता काम मोजणारी ही पद्धत आहे.

तिचीही पळवाट निघतेच. मुदत संपत आली की अर्ज ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत करायचा. प्रकरण निकाली निघाल्याची नोंद होते आणि अर्जदार पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून परत केलेल्या अर्जांची संख्या वेगळी मोजायला हवी, आणि एकाच अर्जात दोनदा त्रुटी काढली असेल तर तिचं कारण मागायला हवं.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. अशा मोहिमा बहुतेक वेळा एका अधिकाऱ्याच्या नावाने चालतात. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी भारतीय कार्यालयांच्या अभ्यासातून सांगितलं होतं की इथे माया करणारा पण कामाला सूट न देणारा वरिष्ठ सर्वांत परिणामकारक ठरतो. ज्याला हाताखालच्यांच्या घरची अडचण माहीत असते आणि तरीही जो गठ्ठा रिकामा झाल्याशिवाय सोडत नाही, असा. पण तो बदलून गेला की गठ्ठे पुन्हा वाढतात, कारण लोकांनी काम त्याच्यासाठी केलेलं असतं. सिन्हा यांच्या मांडणीत पुढचा टप्पाही आहे: माणसं तयार झाली की वरिष्ठाने हळूहळू अधिकार त्यांच्या हाती सोपवायचे. तीन वर्षांच्या नेमणुकीत हा टप्पा गाठायला सवडच मिळत नाही.

खिडकीच्या अलीकडचे आपण

समाज म्हणजे फक्त कार्यालयातले लोक नव्हेत. खिडकीच्या बाहेर उभे असलेले आपणही त्यातच आलो.

महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच नियम आहे की सामान्य फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, ती न पाळल्यास विभागातच पहिलं आणि दुसरं अपील, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. उशिराला पुरेसं कारण नव्हतं हे अपील ऐकणारा अधिकारी ठरवतो, पण या दंडाचा पाया शेऱ्याचा नाही, तारखेचा आहे. मुदत गेली, तारीख दिसते आहे. मूल्यमापनाची किल्ली यात पहिल्यांदाच नागरिकाच्या हातात आली.

तरी उशीर झालेले किती लोक अपील करतात? गावातला माणूस हिशोब करतो: आज उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अपील केलं, उद्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे, परवा पीक पाहणीची तक्रार न्यायची आहे, आणि भाऊसाहेब तेच असणार. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं, हिशोब तोच राहिला. त्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून फोन करवणं सोपं वाटतं. फोनने काम होतं, पण नोंदीत काहीच उमटत नाही. उशीर झाला नाही, तक्रार नाही, अपील नाही. मार्चअखेरीस त्या टेबलाचा अहवाल स्वच्छ.

या हिशोबात त्या माणसाची चूक नाही. अपील करायला धैर्य लागणार असेल तर ते थोडेच लोक करतील. मुदत संपल्याक्षणी अर्जदाराने काहीही न करता अपील आपोआप दाखल व्हावं, हरयाणाने अशी ऑनलाइन व्यवस्था २०२१ मध्ये सुरू केली आहे. तिथे तक्रार कोणी केली हा प्रश्नच उरत नाही, ती यंत्रणेने केलेली असते. आपल्याकडे ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्जाची तारीख नोंदलेली असते, मुदतही नोंदलेली असते. त्या दोन तारखांची वजाबाकी करून अपील पुढे पाठवण्याचं काम संगणकाला द्यायला हवं, आणि त्या अपिलांची संख्या थेट कार्यमूल्यमापन अहवालाच्या पहिल्या पानावर, ‘विहित मुदतीत पूर्ण केली’ या वाक्याच्या शेजारी छापली जायला हवी.